मेंदूत साठणारे प्रथिन दिसते तरी कुठे?

नालासोपारा पूर्वेकडील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे वर्षभरापासून विसरू लागले आहेत. दूध आणायला जातात आणि मोकळ्या हाताने परत येतात. स्टेशनपासून घरापर्यंतचा वीस वर्षांचा पायाखालचा रस्ता दोनदा चुकले. डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. अहवालात ‘वयोमानानुसार मेंदू किंचित आकसला आहे’ एवढेच आले. भगिनी विचारतात, ‘या आजारात मेंदूत प्रोटीन साठते असे वाचले होते. मग ते फोटोत का आले नाही? आम्ही चुकीच्या ठिकाणी तपासणी केली का? इतके पैसे गेले.’

पैशांची चिंता समजण्यासारखी आहे, म्हणून उत्तर आधी देतो. तपासणी चुकीची नव्हती. एमआरआयमध्ये मेंदूचा आकार दिसतो. जुना पक्षाघात, गाठ, पडल्यामुळे साचलेले रक्त, मेंदूत वाढलेले पाणी अशी कारणे त्यातून वगळता येतात आणि ती वगळणे फार महत्त्वाचे असते. प्रथिन दाखवणे हे त्या यंत्राचे कामच नव्हे. पेट स्कॅन नावाच्या तपासणीत एक खास किरणोत्सारी द्रव्य टोचून प्रथिनाचे साठे दाखवता येतात. ती महाग आहे आणि मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी होते. पण तिच्यातही दिसतात ते मोठे, जुने साठे. आज शास्त्रज्ञांचा खरा संशय ज्यांच्यावर आहे ते प्रथिनाचे चिमुकले पुंजके रुग्णाच्या कोणत्याच फोटोत येत नाहीत. ते दिसतात प्रयोगशाळेत, एकेका रेणूचा उजेड मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली. अशी एक प्रयोगशाळा आपल्यापासून फार लांब नाही. चर्चगेटला उतरून नेव्ही नगरची बस धरली की कुलाब्याच्या टोकाला, समुद्रालगत, टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. तिथे हे काम झाले आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी आपल्या एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना पेशींच्या बाहेर चट्टे आणि पेशींच्या आत गुंते दिसले. चट्टे ज्याचे बनतात त्या प्रथिनाला अमायलॉइड बीटा म्हणतात. हे प्रथिन अगदी लहान असते. इन्शुलिनमध्ये ५१ दुवे असतात, याच्यात ४० किंवा ४२. विषासारखे ते बाहेरून येत नाही. आपल्या सर्वांच्या मेंदूत, पेशीपटलात रोवलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा पडून ते रोज तयार होते आणि रोज निचरा होऊन जाते. तरुणांमध्येही असते. मग काहींनाच ते का बाधते?

अनेक वर्षे उत्तर सोपे वाटत होते, की जितके चट्टे तितका आजार. पण शवविच्छेदनात हा हिशेब जुळेना. शेवटच्या दिवसापर्यंत खणखणीत स्मरणशक्ती असलेल्या काही वृद्धांच्या मेंदूत चट्टेच चट्टे सापडले. उलट, काही रुग्णांत आजार मोठा आणि चट्टे त्या मानाने थोडे. तेव्हा संशयाची सुई फिरली. सुटा रेणू निरुपद्रवी आणि मोठा चट्टा बराचसा निद्रिस्त असेल, तर अपाय करतात ते या दोन टोकांच्या मधले, दोन-चार ते दहा-वीस रेणूंचे पुंजके असावेत. आणि ते अपाय करत असतील तर बहुधा चेतापेशीच्या पटलावर बसूनच.

इथेच पंचाईत होते. पेशीपटल म्हणजे पेशीचे आवरण, स्निग्ध रेणूंचा दुहेरी पापुद्रा. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीत असे दहा हजारांहून अधिक पापुद्रे एकावर एक मावतील. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला २०० नॅनोमीटरहून बारीक तपशील वेगळा करता येत नाही. मग या पापुद्र्यावर बसलेला चार रेणूंचा पुंजका दिसणार कसा?

दिवसा आकाशात उडणारा काजवा दिसत नाही, रात्री मात्र अर्ध्या वाडीपलीकडूनही कळतो. काजव्याचा आकार आपल्याला तेव्हाही दिसत नाही. दिसतो फक्त उजेड, पण ‘तिथे एक काजवा आहे’ एवढे त्यातून पक्के कळते. शास्त्रज्ञ हेच करतात. प्रथिनाच्या रेणूला रंगद्रव्याचा एक चमकणारा रेणू जोडतात आणि बाकी सगळीकडे अंधार ठेवतात.

हे चमकणे आपल्या ओळखीचे आहे. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली खऱ्या नोटेतला धागा चमकतो. त्याच दिव्याखाली नुकताच धुतलेला पांढरा सदरा निळसर झगमगतो, कारण धुण्याच्या पावडरीत तशी द्रव्ये घातलेली असतात. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळून तो द्रव त्या दिव्याखाली धरला तर हिरवट पिवळा उजेड निघतो. अशा पदार्थाचा रेणू एका रंगाचा प्रकाश पितो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, थोडी शक्ती गमावून, दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडतो. इंग्लंडचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हा व्यवहार नीट समजावून सांगितला. त्यांच्या प्रयोगांत प्रमुख पदार्थ होता क्विनिन, आपल्या आजोबांच्या पिढीने हिवतापावर घेतलेले तेच कडू औषध. स्टोक्स यांनी या गुणाला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठी पुस्तकांत त्याला अनुदीप्ती किंवा प्रतिदीप्ती म्हणतात. आत जाणारा प्रकाश निळा आणि बाहेर येणारा हिरवा, म्हणून मध्ये योग्य काच बसवली की निळा अडतो आणि फक्त काजव्याचा उजेड डोळ्यापर्यंत पोहोचतो. सारे तंत्र या साध्या गोष्टीवर उभे आहे.

पेशीपटल हे भिंतीसारखे घट्ट नसून तेलाच्या तवंगासारखे वाहते आहे, हेही याच उजेडाने दाखवले. १९७० मध्ये अमेरिकेत फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवली. एकीच्या पटलावरील प्रथिनांना हिरवा रंग, दुसरीच्या प्रथिनांना लाल. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल दिसली. शरीराच्या तापमानाला चाळीस मिनिटे ठेवल्यावर दोन्ही रंग सगळीकडे मिसळून गेले. थंडीत ठेवली तर मिसळेनात. तूप गोठते तसेच हे. माझ्या मते पेशीविज्ञानातला इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच सापडेल. शाळेच्या पुस्तकात तो सविस्तर यायला हवा.

आता एकेका रेणूकडे येऊ. संध्याकाळी विरार लोकल नालासोपाऱ्याला लागली की फलाटावर काय होते ते आपण जाणताच. समजा, तुम्ही पुलावर उभे आहात आणि कागदाच्या नळीतून फलाटाची एकच फरशी पाहता आहात. एकटा माणूस ती फरशी झटकन ओलांडून जातो. पोराचा हात धरलेली, पिशव्या सांभाळणारी पाच माणसांची कुटुंबकबिल्याची रांग वेळ लावते. तुम्हाला चेहरे दिसत नाहीत, पण फरशी किती वेळ झाकली गेली हे मोजत राहिलात तर माणसे सुटी चालली आहेत की घोळक्याने, हे सांगता येईल. १९७२ मध्ये अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात मॅग्डी, एल्सन आणि वेब यांनी हीच युक्ती रेणूंसाठी वापरली. त्यांची फरशी म्हणजे लेसर किरणाचा अतिसूक्ष्म ठिपका. आजच्या यंत्रांत या ठिपक्यात मावणारे पाणी एका मिलिलिटरच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाइतके असते. रेणू त्यातून जाताना चमकतो, बाहेर पडताच विझतो. त्या लुकलुकीचा हिशेब मांडून रेणूचा आकार काढता येतो.

प्रा. सुदीप्त मैती हे याच वेब यांच्या प्रयोगशाळेत काम करून मुंबईत टाटा संस्थेत आले. त्यांच्या गटाने या पद्धतीने अमायलॉइड बीटाचा पाठलाग केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात सुटा रेणू आणि लहान पुंजके यांचे गणित मांडलेले आहे. पाण्यात प्रथिन थोडे असेल तर ते सुटे राहते, प्रमाण वाढले की पुंजके दिसू लागतात. त्याहून मोलाचे काम २०१३ चे. सुटा रेणू पेशीपटलाला फारसा चिकटत नाही, लहान पुंजका मात्र चिकटतो. असे का, हा त्यातला प्रश्न होता. दहापेक्षाही कमी रेणू एकत्र आले की ते अंगाला एक विशिष्ट घडी घालून घेतात आणि ती घडी पुढे होणाऱ्या लांब तंतूंतल्या घडीशी जुळते, असे त्यात आढळले. म्हणजे चट्टा दिसायच्या कितीतरी आधी, मोजक्या रेणूंच्या बैठकीतच प्रथिनाचा स्वभाव पालटतो. पटलाला चिकटलेला पुंजका ओळखणे या पद्धतीला सोपे जाते, कारण पाण्यात धावणारा रेणू पटलावर बसला की कित्येक पटींनी मंदावतो.

पटलावर बसून हे पुंजके करतात काय? २०१५ मध्ये याच गटाने सहकाऱ्यांसह वेगळी युक्ती केली. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांवर पेशीपटलासारखा स्निग्ध पापुद्रा चढवला आणि त्यावर बसलेल्या पुंजक्यांनी विखुरलेला प्रकाश तपासला. त्यातून दिसलेली रचना पिंपासारख्या, पटलात भोक पाडणाऱ्या प्रथिनांच्या रचनेशी मिळतीजुळती निघाली. चेतापेशीच्या पटलाला अशी भोके पडली तर बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि पेशीचा कारभार बिघडतो. आजारात हेच घडते की यासोबत आणखी काही, यावर वाद चालू आहे. बशीतली पेशी आणि म्हाताऱ्या माणसाचा मेंदू यांत अंतर आहे, हे वाचकांनी विसरू नये.

फरशीच्या युक्तीत एक उणीव आहे. दोन रेणूंची जोडी एकट्यापेक्षा निम्म्या वेगाने जात असेल असे वाटते ना? तसे नाही. द्रवातला वेग कणाच्या व्यासावर ठरतो आणि वजन दुप्पट झाले तरी व्यास जेमतेम सव्वापट होतो. त्यामुळे दोनचा पुंजका, तीनचा, चारचा, हे वेगावरून एकमेकांपासून वेगळे काढणे अवघड. आणि नेमके तेच तर जाणून घ्यायचे आहे.

यावरचा उपाय गणपतीच्या मखरावरून समजेल. मखराला लावलेले दिवे लांबून एकच झगमगाट दिसतात, किती आहेत ते मोजता येत नाही. पण ते एकेक करून उडू लागले तर प्रत्येक वेळी उजेड एक पायरी खाली येईल. पायऱ्या मोजा, म्हणजे दिवे कळले. चमकणाऱ्या रेणूचेही तसेच. काही लाख वेळा प्रकाश देऊन झाला की तो कायमचा विझतो. तीन पायऱ्यांत विझलेला ठिपका म्हणजे तीन रेणूंचा पुंजका. २०२० मध्ये मैती यांच्या गटाने यात भर घातली. त्यामुळे त्याच एका पुंजक्यात रेणू किती आणि त्याची पटलाशी जवळीक किती, ही दोन्ही उत्तरे एकदम मिळू लागली. हजारोंची सरासरी काढण्याऐवजी एकेका पुंजक्याची स्वतंत्र जबानी घेतली जाते. सरासरीत गुन्हेगार लपतो. शंभरांत पाच पुंजके घातक असतील तर सरासरी त्यांना सज्जनांच्या गर्दीत बुडवून टाकते.

अर्थात या पद्धतीतही काळजी घ्यावी लागते. दोन दिवे एकदमच उडाले तर मोजणी चुकते. रंगद्रव्याचा रेणू अमायलॉइडसारख्या लहान प्रथिनाच्या पाठीवर पोराच्या दप्तरासारखा जड असतो, त्याने प्रथिनाची चाल बिघडत नाही ना, हे दुसऱ्या मार्गाने ताडून पाहावे लागते.

२०२० चे हे काम अमायलिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनावर होते आणि ते आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचे आहे. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी इन्शुलिन सोडतात, त्याच पेशी त्याबरोबर अमायलिनही सोडतात. साखळी ३७ दुव्यांची. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाच्या अनेक रुग्णांत, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांमध्ये या अमायलिनचे साठे सापडतात. इथेही सुटा रेणू निरुपद्रवी, आणि पटलाला चिकटणारा लहान पुंजका संशयित. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही म्हणून या पेशी जास्त राबतात, जास्त राबताना अमायलिनही जास्त सोडतात, आणि त्याच्याच पुंजक्यांनी त्या झिजतात, असे एक चक्र असावे. मधुमेहाचे हेच एकमेव कारण नाही. पण मेंदू आणि स्वादुपिंड या दोन लांबच्या घरांत एकाच तऱ्हेची चोरी होत असावी, हे लक्षात येण्याजोगे आहे.

आता एक अप्रिय गोष्ट सांगतो, कारण अर्धवट बातमी वाचून घरोघरी गैरसमज होतात. २००६ मध्ये ‘नेचर’ या मान्यवर नियतकालिकात अमेरिकेतील एका गटाचा लेख आला होता. उंदरांची स्मृती घालवणारा अमायलॉइडचा एक विशिष्ट पुंजका सापडल्याचा त्यात दावा होता. २०२२ मध्ये त्यातल्या छायाचित्रांविषयी जाहीर शंका घेतल्या गेल्या आणि २०२४ मध्ये चित्रांतील फेरफारामुळे तो लेख मागे घेण्यात आला. ‘अल्झायमरचे सगळे संशोधनच खोटे निघाले’ असे काहींनी लगेच लिहून टाकले. तसे नाही. तो दावा पट्टीवर उमटलेल्या काळ्या रेघांवरून केलेला होता. अशा रेघांत पुंजके द्रवात मुळात कसे होते आणि तपासणीच्या रसायनांनी त्यांचे काय झाले, हे सांगणे नेहमीच कठीण असते. लहान पुंजक्यांबद्दलचा संशय त्या एका लेखावर उभा नव्हता. उलट अशा प्रसंगानंतर, द्रवातल्या द्रवात एकेक रेणू मोजणाऱ्या पद्धतींचे मोल मला अधिक वाटते.

रुग्णाला यातून काय मिळाले? अजून थोडेच. अमायलॉइडच्या लांबट पुंजक्यांना पकडणारे लेकॅनेमॅब हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आजाराच्या आरंभीच्या रुग्णांत दीड वर्षात होणारी घसरण त्याने सुमारे २७ टक्क्यांनी कमी केली. गेलेली स्मृती ते परत आणत नाही. काही रुग्णांत त्याने मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो, म्हणून ते देताना वारंवार एमआरआय करावा लागतो. खर्चही अफाट. अशा औषधाच्या नावाने कोणी ‘खात्रीचा इलाज’ म्हणून जाहिरात करत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.

पत्रलेखिका भगिनींनी मात्र आणखी काही तपासण्या जरूर करून घ्याव्यात, आणि त्या स्वस्त आहेत. रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, विशेषतः वर्षानुवर्षे शाकाहारी असलेल्या किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसात, तर विसरभोळेपणा येतो आणि तो सुधारू शकतो. थायरॉइड मंदावल्यानेही येतो. पत्नी गेल्यावर किंवा नोकरी संपल्यावर आलेली उदासी बाहेरून स्मृतिभ्रंशासारखी दिसते. झोपेच्या गोळ्या, सर्दीची आणि लघवीची काही औषधे म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक पुड्यांसकट, एका पिशवीत घालून न्यावीत. कानाची तपासणी करावी. ऐकू न येणारा माणूस ‘विसरला’ असे आपण म्हणतो, पण त्याच्यापर्यंत ते मुळात पोहोचलेलेच नसते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने हाताळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि एकटेपणा आहेत. ती सारी आवरली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा समितीचा अंदाज आहे. तोवर सासऱ्यांच्या खिशात नाव, पत्ता आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असू द्यावा.

जाता जाता मधुमेही वाचकांसाठी. डोळ्यांचे डॉक्टर पडद्याची अँजिओग्राफी सुचवतील तेव्हा हाताच्या शिरेतून जे नारिंगी पिवळे औषध टोचतात, ते फ्लोरेसिन. फ्राय आणि एडिडिन यांनी वापरलेला हिरवा उजेड याच द्रव्याच्या एका रूपाचा. निळ्या प्रकाशात पडद्याच्या रक्तवाहिन्या हिरव्या चमकतात आणि कुठे गळती आहे ते फोटोत दिसते. टोचल्यावर क्षणभर मळमळते. त्वचा काही तास पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर गर्द पिवळी होते, ती कावीळ नव्हे. मात्र पूर्वी कोणत्याही औषधाची ॲलर्जी आली असेल, दमा असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर सुई टोचण्याआधीच सांगा.